तिकिटावरचा वाघदेव

वसुबारशीला पालघरच्या बाजारातून आणलेली शेंदराची पुडी तेलात कालवली, की त्या वासासरशी मी चिंचणीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचते.

साठच्या दशकात माझा मामा बोटीवर नोकरीला होता. त्याने पोलंडहून टपाल तिकिटं आणली होती, तिथल्या एका फार जुन्या, राखीव रानातल्या प्राण्यांची. पाकिटांवरून भिजवून सोडवलेली ती तिकिटं मी केळीच्या पानावर वाळत घातली होती. आमच्या वाडीत कामाला येणारी वारल्यांची जानकी त्या दिवशी, वसुबारशीला, म्हणजे त्यांच्या वाघबारशीला, वाघदेव पुजून आली होती. रानगवा, हरीण बघता बघता ती कानांवर केसांचे झुपके असलेल्या रानमांजरापाशी थबकली.

"हा तं वाघदेव हाय," ती म्हणाली आणि बोटाला लागलेला शेंदूर तिने त्याच्या कपाळी टेकवला.

तिकीट बिघडलं म्हणून मी रडायला लागले.

"रडू नको बाय. त्याला मान दिला ना, आता तो बाकीच्यांना नाय खायाचा."

जानकी जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. माझ्या तिकिटांच्या वहीतला गवा, हरणं, सगळी जागच्या जागी आहेत. वही उघडली की मी आधी त्या टिळ्याला हात जोडते, मगच पान उलटते.