जॉब कार्डातले दोनशे अकरा किलोमीटर

भूतखेत, अंगात येणं, करणी... यातलं काही मी मानत नाही. माझ्या ट्रकला कधी लिंबू-मिरचीसुद्धा बांधली नाही, त्यावरून बायकोने भरपूर ऐकवलंय. मी बिल वाचणारा माणूस — वरून खालपर्यंत, प्रत्येक ओळ. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

२००८ ची गोष्ट. मी गोंदियाजवळ कुडव्यात राहतो. तेव्हा माझा एकच ट्रक होता, नवाच घेतलेला, राईस मिलचा तांदूळ वाहायचा. ड्रायव्हर सुखराम उईके, केशोरीकडच्या एका खेड्यातला. दरवर्षी माघ पौर्णिमेला तो गावातल्या तीसेक माणसांना ट्रकमधून कचारगडला, गोंड लोकांच्या देवाच्या यात्रेला न्यायचा. डिझेल माझं. त्या वर्षी त्याची काकी फुलाबाई निघणार होती. म्हातारीचे गुडघे गेलेले, यंदा नाही तर पुन्हा होणं नाही, असं तिचं म्हणणं. सुखरामने तिला शब्द दिला होता.

पौर्णिमेला पाच दिवस असताना तिसरा गिअर उडायला लागला, टाकला की आपोआप सुटायचा. कुडव्यातला मिस्त्री म्हणाला, "एक गिअर बदलला का झालं. परवा घेऊन जा." पण गाडी वॉरंटीत! फुकटात होत असताना पैसे कशाला घाला, असा शहाणपणा करून मी ट्रक कंपनीच्या वर्कशॉपला नेला.

तिथली तऱ्हाच न्यारी. एकटा गिअर मिळत नाही, गिअरबॉक्स अख्खाच बदलायचा. त्याचे फोटो कंपनीला जाणार, मंजुरी येणार, मग नागपूरहून माल. तोवर खोललेली गाडी परत नाही. ड्रायव्हरला आत प्रवेश नाही. काहीही विचारा, सुपरवायझरचं उत्तर एकच — "पॉलिसी है सर." सुखराम गाडी सोडून कुठे जायचा नाही, तो गेटबाहेर गमछा टाकून बसला. मी रोज "उद्या मिळेल" म्हणत राहिलो, आणि या नादात गावाला निरोप धाडायचाही राहून गेला.

पौर्णिमा उजाडली. मी सकाळीच डबा घेऊन गेलो. सुखरामने तो उघडलाही नाही.

"काकी सडकेवर येऊन बसली असंल भाऊ. काय तोंड दाखवू तिले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वॉचमनशी भांडत मी आत घुसलो. ट्रक लाकडी ठोकळ्यांवर उभा, आणि गिअरबॉक्स सुटा होऊन टेबलावर पडलेला! मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं त्या गेटपाशीच होतो.

त्यानंतर चार दिवसांनी गाडी मिळाली, आणि सोबत पूर्ण बिल. वॉरंटी नामंजूर. सुपरवायझरने जॉब कार्ड, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद, पुढे सरकवलं.

"आते वक्त का रीडिंग और अभी का... दो सौ ग्यारह किलोमीटर का फर्क है सर. मीटर से छेड़छाड़ हुई है."

"अहो, गाडी तुमच्याच कुलपात होती ना!"

"सिस्टम नहीं लेता सर."

मी पैसे भरले, जॉब कार्डाची झेरॉक्स घेतली आणि ग्राहक मंचात खेचतो अशी धमकी देऊन निघालो. आधी मात्र गावाला जाऊन फुलाबाईची माफी मागायची होती.

ती अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. मी तोंड उघडायच्या आतच ती सुखरामला म्हणाली, "पुनवेला कचारगडले एवढ्या दूर घेऊन गेलास, घरापावेतो आणून सोडलंस... पण रस्ताभर एक शब्द नाही बोललास. काऊन रे? रागावला होतास का माह्यावर?"

मी हसलो, म्हटलं म्हातारी भ्रमली. तेवढ्यात शेजारचा एक जण म्हणाला, "आमच्यासंगबी नाही बोलला ना. अन् तुमची गाडी का आम्ही ओळखत नाही भाऊ?"

सुखराम पांढराफटक पडला. मग काकीच्या पायाशी बसला आणि हळूच म्हणाला, "झोप येऊन राहिली होती काकी. म्हणून नाही बोललो."

परतीच्या वाटेत त्याने ट्रक बाजूला घेतला आणि ढसाढसा रडला. "मी तं गेटवरच होतो न भाऊ?"

"होतास," मी म्हणालो.

त्या गावापासून कचारगड, जाऊन-येऊन, दोनशे अकरा किलोमीटर भरतं. नंतर मी स्वतः मोजून आलो. फुलाबाई त्याच पावसाळ्यात गेली.

कोणी म्हणतं, वर्कशॉपवाल्यांनीच मीटर फिरवलं. कोणी म्हणतं, गावकरी दुसऱ्याच गाडीने गेले असतील. असेलही... मला आजवर काही उलगडलेलं नाही. केस मात्र मी केली नाही. मंचापुढे मला सिद्ध करावं लागलं असतं की ट्रक जागचा हललाच नाही. आणि तीस माणसं शपथेवर सांगायला तयार होती की आम्ही त्यात बसून देवदर्शन करून आलो. त्यांना खोटं पाडायची माझी हिंमत झाली नाही.