अस्तराचा रंग

साऱ्या मराठवाड्यात माझ्या थोरल्या वन्संइतकं उघडं घर कुणाचं नसेल, आणि तितकं उघडं तोंडही. गारखेड्यातल्या त्यांच्या दाराला आतून कडी आहे, हे मला लग्नानंतर सात वर्षांनी, रंगकाम निघालं तेव्हा कळलं. लासूर स्टेशनच्या फलाटावर गाडीला अर्धा तास उशीर झाला, तर तेवढ्यात त्यांनी एका अनोळखी बाईचं माहेर, तिच्या सुनेचा स्वभाव आणि गुडघेदुखीवरचा लेप असं सगळं गोळा केलं, आणि गाडी हलल्यावर "अगं, नाव विचारायचं राह्यलं की!" म्हणून हळहळल्या. दाराशी आलेली बाई ओटीवाचून परत जात नाही. जनगणनेच्या बाई, विम्याच्या बाई, एकदा तर वीज तोडायला आलेल्या बाईसुद्धा खण-तांदूळ घेऊन, वीज न तोडताच गेल्या. मी हसले तर म्हणाल्या, "हसू नको. आबा सांगायचे, निजामाच्या राज्यात, पोलिस ॲक्शनच्या आधी, आपल्या लासूरात लोक दार लावून कुजबुजायचे. आता कुणाची भीती हाय? उघडं ठेवायचं सगळं."

अशा वन्सं जगातल्या सर्वांत मिटलेल्या देशात जाऊन आल्या, ही त्या देशाचीच परीक्षा म्हणायची. परदेशी नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने विचारलं होतं, "आई, सहलीला कुठं जातेस?" वन्सं म्हणाल्या, "जिथं कुणी जात नाय तिथं. सिंगापूरला सगळा गारखेडा जाऊन आलाय." सहल कंपनीने सूचनांचा कागद पाठवला: स्थानिकांशी बोलू नये, वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये, भेटवस्तू देऊ नये. वन्संनी तो चष्मा लावून वाचला, त्याची चार पदरी घडी घातली आणि तो हळदी-कुंकवाच्या पुड्या गुंडाळायला वापरला.

परतल्या त्या शिकवण घेऊनच. "तिथं हॉर्न नाय," म्हणून माझ्या नवऱ्याने तीन आठवडे स्कूटर मुक्याने चालवली. "तिथं पाहुण्याला एकटं सोडत नायत," म्हणून माझा भाऊ सहकुटुंब आला तेव्हा वन्सं त्याच्याबरोबर न्हाणीघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तो बाहेर येईतो पहारा देत उभ्या राहिल्या. मकबरा दाखवायला निघालो, तर मिटलेल्या छत्रीला पिवळा नॅपकिन बांधून त्या पुढे. "रांग सोडू नका! फोटो मी सांगते तवाच!" भावाच्या बायकोने भेळेच्या गाडीकडे नुसतं पाहिलं, तर, "तो कार्यक्रमात नाय." संगमरवरावर ऊन सायीसारखं दाटलं होतं आणि आम्ही पाचजण त्या पिवळ्या निशाणामागून हसू दाबत चाललो होतो.

सगळं सांगत वन्सं. पाटीसारखे पुसून काढलेले रस्ते, गाण्याच्या तालावर झाडणाऱ्या बायका, चवच नसलेली कोबी. त्यांच्यासोबतची ती वाटाडी मुलगी, डाव्या गालावर तीळ, वाक्य संपायच्या आत हसणारी. "ती आमच्यावर नजर ठेवायची आन् तो कोटवाला बुवा तिच्यावर." पण गोष्ट त्या मुलीपाशी आली की वन्सं कोबीकडे वळत.

एका दुपारी आम्ही आंबाडी निवडत होतो. बोटांना तो आंबट, हिरवा वास चढलेला. वन्संचे हात एकदम थांबले. "निघायच्या दिवशी मी तिची ओटी भरली गं. चोरून. नारळ विमानतळावर काढून घेतला व्हता. तांदूळ, सुपारी आन् आपल्याकडच्या हिमरू कापडाचा खण. माझ्या त्या थंडीतल्या शालीच्याच थानातला. वर कुंकू लावलं. तेवढ्यात तो कोटवाला वळला. पोरीनं कपाळ हातानं पुसलं, खण स्वतःच्या कोटात सारला. तोंड पांढरंफटक. माझ्यामुळं त्या लेकराचं काय झालं असंल?"

मी म्हटलं, "वन्सं, काही झालं नसेल."

"तुला काय ठावं? कागदावर लिहिलं व्हतं. मी त्यात कुंकू बांधलं."

तिथून आल्यापासून तीन वर्षं, दारावर आलेल्या प्रत्येक बाईच्या कपाळाला कुंकू टेकवताना वन्संचं बोट क्षणभर अडायचं.

मग कळलं, गल्लीतले दाताचे डॉक्टर त्याच सहलीला निघालेत. वन्सं शाल घेऊन त्यांच्या घरी. "डॉक्टरसाहेब, ही गळ्यात ठेवायची. तीळवाली पोरगी दिसली तर काय विचारायचं नाय, काय द्यायचं नाय. नुसतं बघून यायचं." डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. 'विचारायचं नाय' हे शब्द त्या तोंडातून निघाले, याची साक्षीदार मी होते.

डॉक्टर आले ते थेट चहाला. म्हणाले, "दिसली. तीच. शालीकडं एकदा बघितलं तिनं, बोलली काहीच नाही. मग घड्याळ बघायला म्हणून कोटाची बाही दुमडली. आत अस्तर हिमरूचं, शालीच्या वेलबुट्टीचंच. मला दिसलं, हे तिला कळेपर्यंत घड्याळच बघत राहिली. मग हसून म्हणाली, चला, उशीर होतोय."

वन्संनी शाल परत घेऊन मांडीवर पसरली. कपातला चहा साय धरेपर्यंत तशाच बसल्या. मग उठल्या, आणि पुरुषाची ओटी भरता येत नाही म्हणून डॉक्टरांना टॉवेल-टोपीचा आहेर केला. डॉक्टर दवाखान्यात टोपी घालूनच गेले.

दुसऱ्या दिवशी भजनाच्या बायकांनी घेरलं. "तिकडची काय खबर, आक्का? डॉक्टर आले न्हवं?"

"छे बाई," वन्सं म्हणाल्या, "त्यांनी नुसते दातच बघितले असतील."

उभ्या आयुष्यात त्यांनी लावलेलं ते एकच दार. म्हणूनच मीही त्या देशाचं नाव लिहिलेलं नाही, मुलीचंही नाही. आणि रंगांवाचून जिला एक ओळ लिहिता येत नाही, त्या मी अस्तराचा रंगही गाळला आहे. थंडी पडली की वन्सं ती शाल घेतात. कुणी म्हणालं, "काय सुरेख रंग आहे हो," की त्या शालीवरून पदर ओढून घेतात, आणि लगेच विचारतात, "तुमचं माहेर कुठलं म्हणालात?"