घाट बंदची मेल

आमच्या महाडच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात पोलादपूरचा एक कॉम्प्युटरवाला येतो. फालतू मेल अडवायला त्याने फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते चुकलं की "असं नाय रे" म्हणत तो त्याला शिकवायचा. मग मालकांनी विकतचं आणलं. पावसाळ्यात वीस जणांनी 'कशेडी घाट बंद' ही एकच मेल पाठवली. एकसारख्या वीस मेल बघून विकतच्याने त्या कचरा समजून अडवल्या आणि आमचा ट्रक दरडीपाशी अडकला. कॉम्प्युटरवाल्या पठ्ठ्याने फुकटचं परत लावलं, 'घाट बंद' आत सोडायला शिकवलं, तर त्याच नावाने लॉटरीची मेल आत आली.

"मग चांगलं कुठलं?" मी वैतागून विचारलं.

"फुकटचं का चुकलं ते उघडून बघता येतं. विकतचं बरोबर आलं तरी का आलं, तेपण कळत नाय."

मला दोन्ही कळलं नाही. हल्ली दोन्ही सॉफ्टवेअर चालू असतात. ट्रक सोडायच्या आधी कॉम्प्युटरवाला कशेडीला राहणाऱ्या त्याच्या बहिणीला फोन लावतो, "घाट चालू हाय ना गो?"