मामाची दोन घड्याळं

माझा मामा बेकरीवाला. पहाटे भट्टी पेटवायची, म्हणून उशाशी चावीची दोन जुनी गजराची घड्याळं. "एकेक दहातून एकदा दगा देतं. एकाला दुसऱ्याचं काय माहीत? म्हणजे दोन्ही एकाच पहाटे गप्प बसणार शंभरातून एकदा," तो ऐटीत सांगायचा.

मामी लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि दुसऱ्याच पहाटे दोन्ही मुकी! गिऱ्हाइकं बंद दारावरून परतली. "शंभरातली ती पहाट आजच उजाडायची होती!" मामा सोबतीला आलेल्या माझ्यावरच खेकसला. पुढच्या पहाटेही तेच. वैतागून मी घड्याळं उलटी केली. दोन्हींच्या गजराची चावी उतरलेली.

"मामा, रोज चावी कोण द्यायचं?"

मामाने मामीला फोन लावला. "अगं, घड्याळं दोन होती," तो म्हणाला, "पण तू एकच."