तुळशीराम गुरुजींची क्रियापदे

दीड महिना होत आला. गोंदियाच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होतो, तोच दारात गोविंदा पटले उभे दिसले. हे सडक अर्जुनीकडचे शेतकरी. तांदूळ घेऊन बाजाराला आलेले, पायांवर सडकेची धूळ तशीच. "तुळशीराम गुरुजी गेले," ते म्हणाले. "तीन दिवस ताप होता. म्हटलं, शाळा वाटेतच हाये, तुमाले सांगून जावं." मी मुलांना लवकर सोडून दिले आणि रिकाम्या वर्गात बसून राहिलो... रडू येईल असे वाटले होते, पण आधी हसूच आले. कारण गुरुजी डोळ्यांसमोर उभे राहिले ते मोहाच्या झाडावर चढलेले.

आमची ओळख पंचवीस वर्षांपूर्वीची. नागपूरला मास्तरकीचे शिक्षण संपवून मी सडक अर्जुनीजवळच्या एका खेड्यात धाकटा मास्तर म्हणून रुजू झालो. शाळेची खोली एकच. दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसत. गुरुजी तिथले मुख्य मास्तर. पोवार शेतकऱ्याच्या घरातले, ठेंगणे, चिवट. सकाळी स्वतःच्या भाताच्या बांधीतला चिखल तुडवून, पाय धुऊन शाळेत येणारे. माझ्या डोक्यात मात्र नुसत्या व्याख्या भरलेल्या. क्रियापदाची व्याख्या मी मुलांकडून आठ दिवस घोकून घेतली आणि मोठ्या ऐटीत विचारले, "राम आंबा खातो, यात क्रियापद कोणते?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "आंबा." फक्त भिवरा नावाची सात वर्षांची मुलगी म्हणाली, "खाऊन राहिला." असला शब्द पुस्तकात नाही, असे म्हणून मी तिच्या हातावर छडी मारली. अख्ख्या वर्गात तिला एकटीलाच क्रियापद कळले होते, आणि मार तिलाच मिळाला. त्या दिवसापासून भिवरा शाळेत बोलेनाशी झाली. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

गुरुजींनी हे पाठमोरे बसून ऐकले होते. शाळा सुटल्यावर ते एवढेच म्हणाले, "मास्तर, पोरगी बरोबर बोलली. मारलं कायले?" दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा वर्ग मागून घेतला आणि पुस्तक फळीवर ठेवून मुलांना अंगणात नेले. मग स्वतः लंगडू लागले, शिंकले, ओंजळीने पाणी प्याले, धोतर खोचून बेडकासारखे उड्या मारत गेले. मुलांनी ते काय करतात हे फक्त सांगायचे. "जो शब्द काढला तर मी नुसता उभा राहतो आन् काहीच होत नाही, तो क्रियापद," ते म्हणत. रोवणीच्या दिवसांत तर वर्गच बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भरला. चिखलात वाकलेल्या बाया भाताची रोपे लावत होत्या आणि मुले वरून ओरडत होती, वाकून राहिल्या, रोवून राहिल्या, गाऊन राहिल्या... त्यातली एक बाई कंबर सरळ करून म्हणाली, "आन् तुमी पोट्टे आमाले पाहून राहिले," तशी सगळी बांधी हसली. मलाही हसू आले, पण भिवरा गप्पच होती. तिच्याकडे पाहायची मला लाज वाटे.

पावसाळा संपला आणि तपासणीला डिप्टी साहेब आले ते न कळवता. त्यांच्या शेऱ्यावर माझी नेमणूक पक्की व्हायची होती. त्यांची बैलांची दमणी आवाराशी थांबली तेव्हा आमचे मुख्य मास्तर मोहाच्या झाडावर होते आणि चाळीस मुले खालून "गुरुजी चढून राहिले" असा गजर करत होती. साहेबांना पाहून मुले एकदम चिडीचूप झाली. गुरुजी घाईने उतरू लागले आणि धोतराचा सोगा फांदीत अडकला. ओढावा तर फाटेल, सोडावा तर... साहेब वर पाहत राहिले. तेवढ्यात त्या शांततेत एक बारीक आवाज आला, "गुरुजी अटकले." भिवरा. तीन महिन्यांत पहिल्यांदा. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलायला लागले. तिने तेही पाहिले आणि म्हणाली, "साहेब हसून राहिले."

खोलीत बसल्यावर साहेबांनी व्याख्या विचारली. ती कुणालाच आली नाही. मग त्यांनी फळ्यावर वाक्ये लिहिली, आणि एकेक मूल येऊन क्रियापदाखाली रेघ ओढून गेले. एकही चुकले नाही. तरी साहेब म्हणाले, "पण ही मुले शुद्ध कधी बोलणार?" गुरुजी म्हणाले, "घरचं ओळखीचं झालं का पुस्तकातलं मागून येते, साहेब." आणि त्यांनी भिवराला विचारले, "राम जाऊन राहिला, हे पुस्तकात कसं?" "राम जात आहे," ती म्हणाली. साहेबांनी शेरा लिहिला : व्याख्या येत नाहीत, क्रियापदे येतात. माझी नेमणूक पक्की झाली. त्या संध्याकाळी छडी मी गुरुजींच्या चुलीत घातली. त्यांच्या मंडळींनी त्याच जाळावर भात शिजवला आणि आम्ही पोटभर जेवलो.

पुढे माझी गोंदियाला बदली झाली आणि गुरुजींची कार्डे येऊ लागली. त्यांत मायना नसे, ख्यालीखुशाली नसे. शेवटचे कार्ड या दिवाळीनंतरचे : "भात कापला. मळला. दमलो. ये." परवा ते कार्ड मी वर्गात फळ्यावर उतरवून काढले. मुलांनी क्रियापदे झटकन ओळखली. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "फिर तुमी गेले का, गुरुजी?"

"गेलो," मी म्हणालो. "जेवलो. हसलो. दोन दिवस राहिलो..."

ती बोटांवर क्रियापदे मोजत होती. "चार झाले," ती म्हणाली आणि खाली बसली.