शिवाची उंची

महिना होऊन गेला. सकाळी चहा गाळत होतो तेवढ्यात चुडाव्याहून महेशचा फोन आला. "काका, बापू गेले. दुपारी माती हाय, तुमी लवकर या." महेश हा शिवाचा थोरला मुलगा, आणि शिवा म्हणजे शिवलिंग, माझा सख्खा आतेभाऊ. किडनीचं दुखणं होतं, वर्षभर परभणीच्या फेऱ्या चालू होत्या, त्यामुळे धक्का बसला असं काही म्हणणार नाही. त्या क्षणी जे वाटलं ते लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. सुटल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षं त्याला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती आणि आता ती सांगावी लागणार नव्हती... चहा तसाच ओट्यावर ठेवून मी पूर्णा स्टेशनवर पोचेपर्यंत ते सुटलेपण कुठल्या कुठे गेलं होतं.

शिवा माझ्याहून वर्षाने लहान. आठवीला तो शिकायला आमच्याकडे पूर्ण्याला आला आणि रेल्वे कॉलनीच्या मैदानावर आम्ही दोघेही एकाच खेळाच्या, फुटबॉलच्या वेडाला लागलो. गंमत अशी की दोघेही गोलरक्षक. मी ताडमाड, अकरावीतच सहा फुटांना टेकलेला. तो माझ्या खांद्याला लागायचा, आणि तिथेच थांबला. पण चेंडू मारणाऱ्याचा पाय हलायच्या आधी हा हललेला असायचा. जमिनीलगतचा चेंडू तर त्याच्या हातून निसटलेला मला आठवत नाही. मी उंच म्हणून लोकांच्या नजरेत भरायचो आणि शिवा गोल वाचवायचा, असा आमचा सरळ हिशेब होता. तो मला ठाऊक होता. त्याला मात्र ठाऊक नव्हता. त्याला वाटायचं, दादाच भारी.

जिल्ह्याच्या संघाची निवड परभणीला होती. गोलरक्षकाची एकच जागा उरली होती आणि उमेदवार आम्ही दोघे. निवड करणारे गृहस्थ वयस्कर होते, सरळ होते. मी आमच्या संघाचा कप्तान, म्हणून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुमच्या दोघांत खरोखर चांगला कोण? एवढ्या भरवशाने मला त्याआधी कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "सर, शिवा चांगला आहे, पण उंच चेंडू त्याला जमत नाही." झालं. त्यांनी आम्हाला भिंतीला टेकवून उभं केलं, खडूने दोन रेघा ओढल्या आणि शिवाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, हात सोन्यासारखे आहेत बाळ, पण गोलरक्षकाला उंची लागते. येताना पॅसेंजरमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. मिरखेल स्टेशन गेल्यावर म्हणाला, "दादा, उंची वाढायला काय करावं लागतंय रे?"

मी त्याला सांगितलं, लटकत जा. कुणीतरी सांगितलेलं असतं तसंच मीही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी मैदानावर येऊन गोलच्या आडव्या दांड्याला लटकायला लागला. तो लटकायचा आणि मी खाली उभा राहून आकडे म्हणायचो. शंभर झाले की तो हात सोडायचा, तळवे विजारीला पुसायचा आणि पुन्हा उडी मारायचा. हो, उडी. तो दांडा आठ फुटांवर असतो, आणि हा पोरगा जागच्या जागी उडी मारून तो पकडायचा. ज्याला दांडा पकडता येतो त्याला उंच चेंडू जमत नाही, असं मी सांगून आलो होतो. चार महिने मी रोज हे बघितलं आणि रोज आकडे म्हटले.

जिल्ह्याकडून खेळताना मी पहिल्याच सामन्यात तीन गोल खाल्ले. तिन्ही जमिनीवरून आले, एक तर दोन पायांच्या मधून. शिवाने विचारल्यावर मी म्हणालो, मैदान ओलं होतं. तरी प्रमाणपत्र मिळालंच. त्या कागदावर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळाली आणि पुढे शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी. शिवाने खेळ सोडला आणि चुडाव्याला वडिलांच्या किराणा दुकानात बसला. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आमचा दादा जिल्ह्याकडून खेळलाय. हे मी कानाने ऐकलंय, त्याच्याच गल्ल्याशेजारी बसून, त्याच्याच घरचा चहा पीत.

उंचीचा फायदा होतो का, हा प्रश्न मला पोरांनी नोकरीभर विचारला. खरं उत्तर मला कॉलेजात शिकवलं होतं. डोक्याने खेळायच्या चेंडूला होतो, कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला होतो. वळताना, वाकताना, गर्दीतून सटकताना बुटका सरस ठरतो. आणि चेंडू कुठे येणार हे ज्याला आधी कळतं, त्याची उंची कुणी मोजत बसू नये. एवढं साधं आहे. पण मी पोरांना हे कधी सांगितलं नाही. क्रीडा साहित्याच्या खोलीत दाराच्या चौकटीवर मी एक रेघ मारून ठेवली होती, आणि ज्याचं डोकं रेघेखाली राहील त्याला गोलमध्ये उभं करायचं नाही, असा नियम केला होता. लोकांना वाटायचं, सर फार काटेकोर आहेत. काटेकोर कसला... उंची महत्त्वाची नसेल तर मी शिवाचं काय केलं होतं, एवढाच तो प्रश्न होता. तो टाळायला मी तीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं बाजूला काढली. त्यांतली किती चांगली होती, मला माहीत नाही. मी बघितलंच नाही.

शिवा जायच्या पंधरा दिवस आधी मी त्याला परभणीला दवाखान्यात भेटलो. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. मला बघून तो हसला आणि म्हणाला, "या खाटंवर माझंच बरं हाय दादा. तुझे पाय भाईर आले असते." हातावर सुयांचे डाग होते, पंजे मात्र तसेच होते, रुंद. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानेच विचारलं.

"दादा, खरं सांग. चार बोटं उंची जास्त असती, तर मी खेळलो असतो का रे?"

मी म्हणालो, "खेळला असतास."

"मंग झालं. नशिबाचा खेळ व्हता. मला उगं वाटायचं, माझंच कायतरी कमी पडलं."

त्याने डोळे मिटले. त्याला बरं वाटलं म्हणून मी गप्प बसलो, असं मी परतीच्या गाडीत स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मी भ्यालो होतो. चाळीस वर्षांपूर्वी बोललो ते त्या दिवशी मी पुन्हा एकदा बोललो, आणि या वेळी त्याच्या तोंडावर.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. शिवाच्या शेतात, विहिरीच्या अंगाला जागा धरली होती. खड्डा गेलेल्या माणसाच्याच पावलाने मोजायची आमच्या गावाकडची रीत. महेशने सुतळी आणली आणि टाच ते अंगठा माप घेतलं. खणणारा म्हातारा सुतळी बघून म्हणाला, पाऊल लय लांब हाय शिवाअप्पाचं, खड्डा मोठा निघंल. नऊ पावलं खोल खणलं. देह वरून घ्यायला खाली एक माणूस लागतो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि महेश म्हणाला, "काका, तुमीच उतरा. तुमी उंच हायसा."

मी शिडीने उतरलो. त्यांनी शिडी वर काढून घेतली आणि शिवाला सोडलं. मी हात वर करून त्याला छातीशी धरलं. काही वजन उरलं नव्हतं. खड्ड्याच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात त्याला मांडी घालून बसवलं, मान सरळ केली, गुडघ्यांवर पंजे ठेवले. वर विभूतीचं ताट येईपर्यंत थोडा वेळ होता. मी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, मी काय म्हणालो, दांडा, आकडे, सगळं. त्याने ऐकून घेतलं, असं मला लिहिता येत नाही. ओल्या मातीची चार ढेकळं तेवढी पडली.

वरून महेशने हाक मारली, या आता. मी उभा राहिलो आणि हात वर केले. आयुष्यभर माझ्या खांद्याला लागलेल्या माणसाच्या मापाचा तो खड्डा माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेला होता.