रिकाम्या बंदुकीची साक्ष

सांगलीच्या पेठेतली बँक बुडाली. ती का बुडाली हे शोधायला सरकारनं एकोणपन्नास साली चौकशी समिती बसवली. संचालक आले, मॅनेजर आला, हळदीचे बडे व्यापारी आले. ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. बोलावलं नाही ते फक्त आकारामला. नऊ वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला कोण विचारतो!

तरी तो रोज खाकी कोट घालून चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचा. त्याला गावाची, म्हसवडची, भारी ओढ होती. मार्गशीर्ष आला की सिद्धनाथाच्या रथाचा दोर हातात घ्यावा म्हणून जीव नुसता तुटायचा. पण जायचं कुठल्या तोंडानं? त्याच्या शब्दावर राहीबाई या धाकट्या बहिणीनं आणि गावातल्या अर्ध्या आळीनं त्या बँकेत पैसा ठेवला होता. सरकार बँक बुडाल्याचं कारण लिहील, त्यात आपलाही दोष लिहवून घ्यावा आणि मग गावाला जावं, असं त्यानं ठरवलं होतं.

शेवटच्या दिवशी कारकून दप्तर बांधू लागला, तसा आकाराम आत शिरला आणि त्यानं सलाम ठोकला.

"सायेब, मला बी इचारा की."

"तुम्हाला काय ठाऊक आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी बंदूक रिकामी हुती. नऊ वर्सांत बँकेनं एक काडतूस दिलं न्हाई. लोक बंदुकीकडं बघून पैसं ठेवायचं. मला ठावं हुतं, पन मी बोललो न्हाई."

एक सभासद हसला. अध्यक्ष सौम्यपणे कारकुनाला म्हणाले, "याचा बँक बुडण्याशी संबंध नाही. लिहू नका."

मग काय करतो बापडा! दुसऱ्या दिवशी मोटार धरून तो म्हसवडला गेला. राहीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. उंबऱ्यातच उभं राहून, साहेबांना सांगितलं तेच त्यानं तिला सांगितलं.

भाकरी तव्यावर करपली. राहीबाईनं तवा खाली उतरवला.

"एकबी काडतूस न्हवतं?"

"न्हाई."

"आन् दरोडा पडला असता तर रं, दादा? तू तर मेलाच असतास की!"

एवढी चौकशी झाली, पण हे कुणी विचारलं नव्हतं. आकाराम उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.